सातबाऱ्यासाठी अजून किती खेपा मारायच्या?

आता सगळं ऑनलाइन झालंय, शेतकऱ्याला कुठे जावं लागत नाही, असं भाषणात सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या गुहागर-दापोलीकडच्या एखाद्या वाडीतून निघून तलाठ्याचं ऑफिस गाठून दाखवावं. सकाळची एसटी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही. रिक्षावाला परतीचं भाडंही मागतो. आणि एवढं करून पोचलं की दाराला कुलूप! साहेब तालुक्याला मीटिंगला गेलेत. कधी येणार, कोणालाच माहीत नाही. साहेब असले तर लाईट नसते, लाईट असली तर सर्व्हर डाऊन. "काका, उद्या या." उद्या म्हणजे आणखी एक दिवस बुडाला. बागेत मोहोरावर तुडतुडे पडलेत, फवारणीचे गडी दिवसाच्या मजुरीवर आणलेत, आणि मालक ऑफिसच्या पायरीवर बसलाय.

१५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, ती सोय चांगलीच आहे. पण त्या सातबाऱ्यावर अजून माझ्या चुलत आजोबांचं नाव आहे! ते काढून वारस लावायचे तर अर्ज, नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. यातल्या एका टप्प्यावर कागद अडकला की का अडकला ते सांगायलाही कोणी जागेवर नसतं. मोबाइलवर चुकीचा उतारा लगेच मिळतो, तो दुरुस्त करायला मात्र पायपीट ठरलेली.

आणि कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक. एका कातळावरच्या तुकड्याला अख्ख्या भावकीची नावं. निम्मे डोंबिवली-विरारला, काहींचे पत्तेसुद्धा कोणाकडे नाहीत. कलमं मी राखतो, खत-औषधाची उधारी माझ्या डोक्यावर, वानरांमागे मी धावतो. पण फळपीक विमा भरायचा म्हटलं की सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणा! आंब्याच्या विम्याची मुदत नोव्हेंबरअखेर. तोवर भात झोडून घरात आणायचं की मुंबईभर सह्या गोळा करत फिरायचं? राबतो त्याला विमा नाही आणि ज्याने वीस वर्षांत बागेत पाऊल टाकलं नाही त्याच्या सहीवाचून सगळं अडतं. हे नियम करणाऱ्यांनी कोकणातला एक तरी उतारा वाचला होता का?

बरं, विमा भरला तरी भरपाईसाठी पाऊस मोजणार महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर. खाडीकाठी आमच्या बागेत अवकाळी कोसळतो, कैरी काळी पडते, आणि केंद्राच्या आकड्यात तो पाऊसच नाही. दाद मागायची कोणाकडे? तेच कुलूप, तीच पायरी.

ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे. बागेत उभं राहून फोनवर आपल्या पिकाची नोंद करायची. आमच्या शेजारच्या काकी एकट्या राहतात, सत्तरी उलटलीय, हातात बटणांचा फोन. मुलगा मुंबईत. त्यांची काजूची नोंद कोण करणार? गावातल्या पोरांनी करून द्यावी म्हणे. पोरं देतातही, पण वरच्या वाडीत रेंज नाही, ओटीपी येईस्तोवर वेळ संपते. पीएम किसानच्या हप्त्यालाही ई-केवायसी, ओळख पटवायची, म्हणजे पुन्हा सेतू केंद्रावरची रांग. भात-नाचणी करून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. दोन हजारांच्या हप्त्यासाठी त्या बाईला तिथे चारचौघांत पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावतात, ते बघून माझं डोकं फिरतं.

एकेका तलाठ्याच्या गळ्यात दोन-दोन सजा (म्हणजे त्याच्या हद्दीतली गावं), निवडणुकीच्या याद्या, पंचनामे. तो एकटा कुठेकुठे पुरणार, हे मलाही कळतं. मग रिकाम्या जागा भरा ना! त्याची शिक्षा आम्हाला कशाला?

निदान आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा, आणि त्या दिवशी दार उघडं ठेवा. जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवा, म्हाताऱ्या माणसांची खेप तरी वाचेल. आणि वारस नोंदींची, संमतीपत्रांची शिबिरं गावातच घ्या, गणपतीत घ्या. तेव्हा सगळी भावकी एकाच घरात आरतीला उभी असते. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल मांडून बसा, सगळ्यांच्या सह्या आम्ही मिळवून देतो.