ओल्या भिंतीवर गडद ऑइलपेंट नको: ‘खोलीच्या रंगाचे सहा सोनेरी नियम’ या मेसेजला उत्तर

‘खोलीचा रंग निवडण्याचे सहा सोनेरी नियम’ हा मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. डोंबिवलीच्या माझ्या मावशीने तो वाचून पेंटरला मरून ऑइलपेंटचा डबा आणायलाही लावला, म्हणून हे लिहितो आहे. सहातला एक नियम अर्धा खरा आहे आणि एक थेट भिंतीची वाट लावणारा. आधी तोच घेतो.

नियम चौथा म्हणतो, ‘ओल येणाऱ्या भिंतीला गडद ऑइलपेंट लावा. ओल थांबते आणि डागही दिसत नाहीत.’

दोन्ही खोटं आहे. ओल भिंतीत मागून येते: बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या भेगांतून, खिडकीखालच्या सपाट कट्ट्यावरून, शेजारच्या बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून किंवा तळमजल्यावर जमिनीतून. आत आलेलं पाणी खोलीच्या बाजूने हळूहळू वाळत असतं. ऑइलपेंटचा थर ती वाट बंद करतो. पाणी मागे साचतं, थराला फुगे येतात आणि पुट्टीसकट पोपडे सुटतात. जमिनीतून येणारी ओल तर पूर्वी दोन फुटांवर थांबत असेल, ती आता आणखी वर चढते. शिवाय सिमेंटच्या गिलाव्यात अल्कली (चुन्यासारखा क्षार) असते. ओलसर अल्कली आणि ऑइलपेंटमधलं तेल एकत्र आलं की अक्षरशः साबण तयार होतो. रंग चिकट होऊन बोटाने निघतो. आणि डाग लपण्याचं म्हणाल, तर पाण्याबरोबर येणारा खार पांढरा असतो. तो फिकट भिंतीवर एक वेळ खपून जाईल, मरूनवर पीठ सांडल्यासारखा दिसतो. वर ऑइलपेंटला चकाकी, त्यामुळे बाजूने उजेड पडला की प्रत्येक फुग्याची सावली वेगळी दिसते.

करायचं ते असं. संशयाच्या जागी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या अंगाला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतं आहे. फक्त बाहेरून घाम आला तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे आणि तिथे खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन हा इलाज आहे. भिंतीतलं पाणी असेल तर आधी त्याचा उगम बंद करा. मग सुटलेला रंग आणि पुट्टी खरवडा आणि गिलावा उघडा ठेवून वाळू द्या. खार कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतला की विरघळून परत भिंतीत शिरतो. कागदाची चाचणी कोरडी आल्यावरच प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर आणि इमल्शनचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचे, दोन हात. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या घाईत रंगकाम काढतात, आणि कोकणपट्टीत पावसाचा मारा खाल्लेली पश्चिमेची भिंत तेव्हा आतून ओलीच असते. ती एक भिंत मार्चपर्यंत सोडा.

खरवडताना एक सांभाळा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे आणि तो नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत, शिसं बरंच जास्त असू शकतं. असा थर कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

नियम दुसरा: ‘मुलांच्या खोलीला गुलाबी लावा, पंधरा मिनिटांत राग जातो, अमेरिकेच्या तुरुंगात सिद्ध झालंय.’ तुरुंगाची गोष्ट घडली होती, हे मान्य. 1979 मध्ये सिएटलच्या नौदल कारागृहात एक कोठडी गुलाबी रंगवली होती; तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या छटेला बेकर-मिलर गुलाबी म्हणतात. पण पुढे स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्यांची नीट तुलना झाली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कैद्यांच्या आक्रमकपणात फरक आढळला नाही. मुलीला गुलाबी आवडत असेल तर जरूर लावा, औषध म्हणून लावू नका.

पहिला नियम, ‘लहान खोलीला पांढराच’, हा तो अर्धा खरा. पांढरा जास्त उजेड परतवतो, म्हणून छत पांढरंच असावं. पण परतवायला उजेड आधी आत यायला हवा. डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद बोळाकडे, खिडकी असलेल्या खोलीत पांढरी भिंत दिवसभर राखाडी, मळकी दिसते. तिथे किंचित पिवळसर ऑफ-व्हाइट बरा.

‘आतून पांढरा लावला की खोली थंड राहते’ हा पाचवा नियम चूक. ऊन गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीवर पडतं. पांढरा रंग तिथे लावला तर उपयोग होतो, आत लावून नाही. दिशेप्रमाणे रंगाचा तिसरा नियम ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे. मात्र दिशेने निळा ठरवलात तरी कोणता निळा, हे खोलीतला उजेडच ठरवतो.

यावरून सहावा: ‘मोबाइलवर किंवा शेडकार्डावर आवडलेली छटाच घ्या.’ इथेच सगळ्यांचे पैसे जातात. मोबाइलच्या पडद्याचा स्वतःचा उजेड असतो, आणि दोन इंचांची पट्टी चार भिंतींवर गेली की रंग एकमेकांवर पडून गडद वाटतो. दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा. दोन फुटी पुठ्ठ्यावर प्रायमर मारून प्रत्येकी दोन हात द्या, कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडा, एक दिवस वाळू द्या. पुठ्ठा कोपऱ्यात उभा करून सकाळी, चार वाजता आणि रात्री दिवे लावून पाहा. जुन्या रंगावर थेट ठिगळ मारून पाहू नका, शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. 6500 केल्विनच्या (दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारा, खोक्यावर छापलेला आकडा) पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी रंग निळसर दिसतो, 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच मातकट. म्हणून दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे, मग रंग.

छटा ठरल्यावर 10 बाय 12 च्या, साडेनऊ फूट उंच खोलीला दार-खिडकी वजा जाता सुमारे 380 चौरस फूट भिंत येते. दोन हातांना साधारण सहा लिटर इमल्शन लागतं. सगळा रंग दुकानातल्या छटा मिसळायच्या मशीनवर एकदमच करून घ्या आणि डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. चौथ्या दिवशी आणलेला एक लिटर भिंतीच्या मधोमध वेगळा दिसतो.

मावशी, तो मरून डबा फुकट जाणार नाही. खिडकीचं ग्रिल घासून रेड ऑक्साइडचा एक हात दे आणि त्यावर तो लाव.