तू उभी कुठं होती?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. स्वतःवरही फिरलंय, पण ते मागाहून सांगते. पोस्ट मोठी होणार आहे, झेला.

रविवारचा आमचा ठरलेला कार्यक्रम तुम्हाला माहीतच आहे. पहाटे कॅमेरे घेऊन नागपुरातला अंबाझरी तलाव, मग तर्री पोहे. सात-आठ जण, सगळे हौशी, पोट भरायला प्रत्येकाचं दुसरंच काही. आज इंजिनिअरिंगचं एक पोरगं आलं होतं, दुसऱ्यांदाच. परवा मारबतीला, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठाल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, इतवारीत जाऊन आलेलं. पोहे येईस्तोवर त्यानं घाबरत घाबरत मोबाइल पुढं केला. गल्लीतून पिवळी मारबत येऊन राहिली, माणसांचा नुसता लोट, आणि खाली कोपऱ्यात बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन-चार वर्षांचं लेकरू, दोन्ही कान गच्च दाबून.

मोबाइल टेबलभर फिरला. "कडक!" "भारी क्लिक बे!" "एक नंबर!" एकेकाजवळ तीन सेकंद. मग तो आमच्यातल्या सीनिअर भाऊंकडं गेला. त्यांनी दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला, नुसते दाणे दिसेपर्यंत ताणला. "नॉइज बघ किती. आयएसओ? 3200? लेन्स कोणता, किट? मंग काय होणार! आधी बेसिक शिक बापू."

पोरगं "हो सर" म्हणालं, मोबाइल खिशात टाकला, आणि अर्धे पोहे तसेच सोडून "क्लास आहे" म्हणून निघून गेलं. रविवारी सकाळी कोणता क्लास असतो, सांगा मला.

आता माझी गोष्ट. काही जणांनी ऐकली आहे, पुन्हा ऐका. 1997 चा उन्हाळा. आई गच्चीवर कुरोड्या घालत होती आणि मी 36 फोटोंच्या रोलमधले चार त्यावर उधळले. रोल महाल भागातल्या एका स्टुडिओत धुवायला टाकला. प्रिंट आली तर आईचा चेहरा पार काळा. घरच्यांना दाखवली, सगळे म्हणाले वा, छान. स्टुडिओवाले काका मात्र ती प्रिंट हातात धरून बसले. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बसले. मग म्हणाले, "आईचे हात मस्त आले. बाई, तू उभी कुठं होती?" जिन्याच्या दाराशी, म्हटलं. "अन् ऊन कुठून येऊन राहिलं होतं?" आईच्या पाठीमागून. "मग टाकीकडं जायचं ना!"

बस. एवढंच. चांगलं की वाईट, ते बोललेच नाहीत.

भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. नॉइज, म्हणजे ते दाणे, होताच, मान्य. पण अहो, ढगाळ दिवस, अरुंद गल्ली, मागून धक्के, हातात कॅमेऱ्यासोबत मिळणारा 18-55 चा किट लेन्स. झूम केलं की त्याचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, 5.6 च्या वर उघडत नाही. पोरानं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवला नसता तर शटर मंदावलं असतं आणि ते लेकरू, ते कान, सगळं हललेलं आलं असतं. दाणे चालतात, हललेला चेहरा कोणत्या सॉफ्टवेअरनं सरळ करणार? म्हणजे ज्याबद्दल शाबासकी द्यायची त्याच गोष्टीवर बोलणी बसली. त्या लेकरावर तर एक शब्द नाही. टेबलावर कोणालाच ते दिसलं नाही का?

आणि आपण 'कडक'वाले काही साळसूद नाही बरं. ताडोब्याचा वाघ आला की आपण काय करतो? वाघाचं कौतुक, जिप्सीवाल्याचं कौतुक, लेन्सच्या किमतीचं तर विचारूच नका. फोटोबद्दल कोणी बोलतं? फुटाळा तलावाच्या सूर्यास्ताला सॅच्युरेशन ओढून ओढून आभाळाची संत्रा बर्फी करून ठेवतात, तरी आपलं 'वाह'. चुकत असेल तर मित्रालाच सांगायचं ना? ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड, हेही मला नको. समोरच्याला तो 'पण' येणार हे आधीच कळलेलं असतं, पहिलं गोड वाया जातं.

काहींना फक्त 'छान'च ऐकायचं असतं, हेही खरं. असतील बापा. त्यांनी माझ्याकडं दाखवू नये.

बरं, आता ते मागाहून सांगायचं. भाऊंच्या आधी तो मोबाइल माझ्या हातात होता. लेकरू मला दिसलं होतं. मी म्हटलं "छान आहे रे" आणि पुढं सरकवला, कारण पोहे आले होते आणि तर्री गार होत होती. सत्तावीस वर्षं झाली असतील, स्टुडिओवाल्या काकांची गोष्ट मी जगाला ऐकवत फिरते आहे, आणि माझीही तीनच सेकंदं. भाऊंनी निदान ताणून तरी बघितला.

(आईनं तेव्हा पुन्हा कुरोड्या घालायला साफ नकार दिला होता. "तुझ्या फोटोसाठी चीक शिजवू का?" पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबले, मग टाकीकडून काढला. आजही कपाटावर आहे.)

दुपारी नंबर मिळवून पोराला फोन केला, फोटो मागवला, या वेळी कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. म्हटलं, तू उभा कुठं होता रे? आधी गप्पच. मग सुरू झाला. एका बंद दुकानाच्या पायरीवर, पाऊण तास, मागून कोणीतरी सारखं शर्ट ओढत होतं. मी म्हटलं, ते कान दाबलेलं लेकरू कसं टिपलंस? तर म्हणतो, "काकू, मी तर मारबतीकडंच बघत होतो. ते मला घरी आल्यावर दिसलं."

मी एकच सुचवलं. डावीकडं त्या नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर घुसलंय, तेवढं कापून टाक, नजर थेट लेकराकडं जाईल.

"नाही काकू," म्हणाला, "तिथून कापलं की मारबतीचा हात जातो."

पुन्हा बघितलं. खरंच जातो.