डावा पंख याउलट

बाल्सा या हलक्या लाकडाचं छोटं विमान घरी बनवायला घेतलं, तर त्याच्या प्लॅनवर पंख एकच काढलेला असतो, उजवा. त्याच्या पोटात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘डावा याउलट’. कागद वाचवण्यासाठी ड्रॉइंगवाल्याने केलेली ही काटकसर आपण लाकडात फेडतो. रात्री अकरा वाजता, पहिला पंख झकास जमल्याच्या आनंदात, माणूस त्याच रेघांवर दुसराही जोडतो आणि सकाळी त्याच्या हाती दोन उजवे पंख येतात. एक उलटा करून लावावा तर फुगीर बाजू खाली जाते. फिरवून लावावा तर पुढची कड मागे. दोन्ही चपला उजव्या पायाच्या आल्या तर निदान घरातल्या घरात चालता तरी येतं.

उपाय स्वयंपाकघरात आहे. प्लॅनला कापसाने गोडेतेल चोपडायचं. वडापावच्या कागदाचं जे होतं तेच याचं होतं. उलटा करून धरला की पलीकडून डावा पंख हजर. मात्र त्यावर प्लॅस्टिक ताणून बसवायचंच. तेलकट बाल्साला फेविकॉल धरत नाही, आणि तेल नसलेल्या जागी पंख प्लॅनलाच चिकटतो. मग खरवडून सोडवलेल्या पंखाच्या पोटाला ‘डावा याउलट’ ही अक्षरं चिकटून येतात.

त्याआधी झेरॉक्सच्या दुकानातून सहीसलामत सुटायला हवं. ‘फिट टू पेज’ ही खूण तिथे कायमची लागलेली असते. प्लॅनवरची 100 मिमीची मापपट्टी छापल्यावर 97 भरली, तर 3 मिमीच्या फळीसाठी काढलेली खाच 2.9 ची होते आणि फळी मात्र 3 मिमीचीच राहते. ती ठोकून बसवली की बरगडी, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली पट्टी, फुटते. दुकानातच पट्टी लावून बघावी, मागे रांग कितीही लागली तरी.

लाकडाचं प्रकरण वेगळंच. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो. झाड म्हणाल तर भेंडी, कापूस आणि काटेसावर यांच्या कुळातलं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात चक्क ‘हार्डवुड’! नख लागलं तरी खड्डा पडतो अशा लाकडाला हे नाव ज्यांनी दिलं, प्लॅनवरच्या सूचनाही त्यांनीच लिहिल्या असाव्यात अशी माझी समजूत आहे. 1.5 मिमी जाड, 75 मिमी रुंद, 915 मिमी लांब अशी फळी 11 ग्रॅमचीही निघते आणि शेजारची, दिसायला तिची जुळी बहीण, 22 ग्रॅमची. म्हणून खिशात छोटा वजनकाटा ठेवावा. दुकानदार सोनाराकडच्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा बघतो, बघू द्यावं. वजनानंतर फळी रुंदीत वाकवून पाहायची. निमूटपणे गोल होते ती पुढच्या कडेवरच्या आवरणाला. वाकायला ठाम नकार देते, जिच्या अंगावर चकाकते ठिपके असतात, ती बरगड्यांना. अदलाबदल केली तर आवरण चिरतं आणि बरगड्या नांगी टाकतात.

बरगडीही प्लॅनवर एकच असते, म्हणजे चौदा आपण ‘याउलट’ न करता सारख्या करायच्या. त्या एकेक कापू नयेत. प्लायचे दोन साचे करून त्यांच्यामध्ये चौदा तुकडे गच्च आवळायचे, दोन बोल्ट घालायचे आणि सगळा गठ्ठा एकदम घासायचा. कापायला केमिस्टकडचं अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड. बोथट ब्लेड बाल्साला कापत नाही, चिरडतं. आणि एका झटक्यात आरपार जायचा मोह झाला की ब्लेड रेघ सोडून रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या रेषेच्या, मागे निघून जातं. तीन-चार हलके हात मारावेत. टाचण्या लाकडात खुपसायच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी तिरक्या रोवून काडी मध्ये पकडायची.

फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन बाजू एकीवर एक ठेवून केल्या, तरी जोडल्यावर शेपूट केळ्यासारखी का वळते? चार लांब काड्या चार वेगवेगळ्या फळ्यांतून कापल्या म्हणून. कडक काडी आपली बाजू ताठ ठेवते, मऊ काडी वाकते. चारही एकाच फळीतून, शेजारशेजारून काढाव्यात.

मग कागद. पतंगाचा चालतो. पाण्याचा फवारा मारला की वाळताना ढोलकीसारखा ताणतो आणि त्या ताणात पंख पिळून निघतो, म्हणून पूर्ण सुकेपर्यंत पंख बोर्डावर टाचून ठेवायचा. टोकाकडच्या मागच्या कडेखाली 3 मिमीचा तुकडा सरकवला, तर दोन्ही टोकांना सारखाच, हवासा पीळ बसतो. पातळ केलेला डोप, म्हणजे कागदावर मारायचं लॅकर, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून लावावा. तो भसकन पेटतो.

उरला तोल. 12 सेंमी रुंद पंखाला, साध्या प्लॅनमध्ये, तो पुढून 4 सेंमीच्या आसपास असतो. बोटांवर धरलं की शेपूट खाली जाते. हे जवळजवळ ठरलेलंच. शेपूट नाकापेक्षा लांब, त्यामुळे तिच्यात सांडलेल्या 1 ग्रॅम फेविकॉलची नुकसानभरपाई नाकात 3 ग्रॅम चिकणमातीने करावी लागते.

पहिली फेक संध्याकाळी वारा पडल्यावर, उंच गवतावर. फेकायचं नाही, सोडायचं. नाक जरासं खाली. ठेचकाळत, थांबत गेलं तर नाकात आणखी माती, सरळ जमिनीत शिरलं तर थोडी कमी. आणि सारखं डावीकडेच वळत राहिलं तर कुठल्यातरी पंखाला नको तो पीळ आहे. किटलीच्या वाफेवर धरून तो उलटा पिळावा. मात्र डाव्यालाच पीळ आहे का, हे ताडून बघायला प्लॅन उघडू नये. तिथे उजवाच काढलाय.