पाळकाला प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान नाही

बंधू, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पाळक (म्हणजे चर्चचे धर्मसेवक) आणि वडील (म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी ज्येष्ठ मंडळी) निवडताना मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्यांचं घर, पैशाचे व्यवहार आणि स्वभाव पाहायला हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. आपल्याला ते खटकलं. देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडून नेमलेल्याला, हात लावू नये हे मी विसरलो, असं आपण म्हणता. पाप केलेल्या दावीद राजालाही देवाने क्षमा केली, मग पाळकाच्या घरात डोकावणारे आपण कोण, असं विचारता. आणि सगळ्यात कळकळीने लिहिता की आधीच आपण मूठभर, लोक आपल्याकडे संशयाने पाहतात, अशा वेळी ही चर्चा चव्हाट्यावर आणून मी मंडळीची मान खाली घालतो आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण ती भीती मलाही ठाऊक आहे.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तीमथ्य इफिसात होता. अर्तमी देवीच्या देवळाचं ते शहर. तिथे पौलाच्या साथीदारांना नाट्यगृहात ओढत नेलं होतं आणि जमाव दोन तास घोषणा देत होता, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात वाचलं आहे. असल्या गावातल्या लहानशा मंडळीला पौल तिसऱ्या अध्यायात सांगतो की मंडळीचा अध्यक्ष, म्हणजे तिची देखरेख करणारा, कसा असावा. मद्यपी नको, मारकुटा नको, भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, नवशिका नको. आणि ही यादी तो कशावर संपवतो? बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं, यावर. आपण मूठभर आहोत, तेव्हा बाहेर काही कळू देऊ नका, असं पौल लिहू शकला असता. त्याने उलट लिहिलं. ज्याच्या घरात पाळक भाड्याने राहतो तो घरमालक, ज्याच्याकडे त्याची उधारी आहे तो दुकानदार, शेजारची हिंदू किंवा मुसलमान कुटुंबं, यांचं मत पौलाच्या लेखी निवडीच्या कसोटीत बसतं. मंडळी लहान असली की हे जास्तच लागू पडतं, कारण गावाला ख्रिस्त दिसतो तो बहुधा त्या एका माणसातून.

झाकून ठेवल्याने अब्रू राखली जाते, असा अनुभव मंडळीच्या इतिहासात मला तरी दिसत नाही. रवी झकारायस चेन्नईत जन्मलेले, जगभर ऐकले जाणारे ख्रिस्ती वक्ते. २०१७ मध्ये एका स्त्रीने तक्रार केली तेव्हा त्यांची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि अनेक स्त्रियांशी त्यांनी केलेलं लैंगिक गैरवर्तन जगासमोर आलं. संस्थेला त्या पहिल्या तक्रारदार स्त्रीची माफी मागावी लागली. त्यांच्या ज्ञानाबद्दल आणि वक्तृत्वाबद्दल कुणालाच शंका नव्हती. आणि पौलाची यादी पुन्हा वाचा: त्यात कौशल्य म्हणावं असं शिकवण्याची हातोटी हे एकच आहे, बाकी बहुतेक सगळं वागण्याबद्दल आहे.

आता अभिषिक्ताबद्दल. हे वचन १०५ व्या स्तोत्रातलं. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशांत भटकत होते, थोडे होते, तेव्हा देवाने राजांना बजावलं की यांना इजा करू नका. दुबळ्यांना राजांपासून वाचवणारं हे वचन आज अधिकाऱ्यांना दुबळ्यांच्या प्रश्नांपासून वाचवायला वापरलं जातं, याचं मला खरोखर दुःख होतं. अभिषिक्ताला हात न लावणं म्हणजे काय, हे दाविदाने एन-गेदीच्या गुहेत दाखवलं. त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा हाती सापडला असताना त्याने त्याला मारलं नाही. पण मग गुहेबाहेर येऊन, तीन हजार सैनिक घेऊन आलेल्या त्या राजाला त्याने मोठ्याने विचारलं की तू माझा जीव घ्यायला का टपला आहेस?

आणि दाविदाची क्षमा? ती त्याला मिळाली, हे खरं. पण आधी नाथान संदेष्टा त्याचं पाप त्याच्या तोंडावर बोलला. ‘आपण कोण’ असं म्हणून नाथान घरी बसला असता तर? शिवाय क्षमा एक आणि जबाबदारीचं पद दुसरं. तिजोरी रिकामी करणाऱ्या खजिनदाराला मी मनापासून क्षमा करीन. किल्ली परत देईनच असं नाही.

बाप्तिस्म्यासारखे संस्कार देवाचे असतात, पाळक कसाही असला तरी, असंही आपण लिहिलंत. मान्य. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातपंथीयांशी (अपात्र सेवकाने दिलेले संस्कार व्यर्थ मानणाऱ्यांशी) झालेल्या वादात बिशप ऑगस्टीनने हीच बाजू मांडली. अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांपैकी २६ वं कलम तेच सांगतं. ज्या पाळकाने बाप्तिस्मा दिला तो पुढे वाईट निघाला म्हणून तुमचा बाप्तिस्मा वाया जात नाही. मोठा दिलासा आहे हा. पण तेच कलम पुढे म्हणतं की अशा सेवकांची चौकशी व्हावी आणि ते दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावं. हा दुसरा भाग आपण वाचतच नाही.

खरं तर प्रश्न विचारण्याचा हक्क मंडळीकडे मागून घ्यायचाच नाही, तो पाळकाच्या दीक्षाविधीतच आहे. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात बिशप जमलेल्या लोकांना विचारतो की दीक्षा घेणाऱ्या या उमेदवारांच्यात काही अडथळा किंवा मोठा अपराध कुणाला माहीत असेल तर पुढे येऊन सांगा. कॅथलिक धर्मनियमांत १०४३ वा नियम अशी माहिती कळवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्यच मानतो. कुणावर हात ठेवण्याची, म्हणजे त्याला पदावर नेमण्याची, घाई करू नकोस, दुसऱ्याच्या पापाचा भागीदार होऊ नकोस, असं पौलही तीमथ्याला सांगतो. म्हणजे आपण गप्प राहून ज्याला पदावर बसवतो त्याचा वाटा आपल्याकडेही येतो.

एका बाबतीत मात्र आपली काळजी रास्त आहे. ‘घर पाहणं’ या नावाखाली पाळकाच्या बायकोचे कपडे, मुलीचं लग्न, मुलाचे मार्क यांची चर्चा करणारी माणसं मंडळीत असतात. तो छळ आहे. घराकडे पाहायचं ते एवढ्यासाठी की ज्यांना त्याला सोडून जाता येत नाही, त्यांच्याशी हा माणूस कसा वागतो. आणि तीमथ्याच्या त्याच पत्रात पौल बजावतो की दोघा-तिघा साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप ऐकून घेऊ नकोस. कुजबुज हा पुरावा नव्हे.

पैशाबद्दल पौल स्वतःच्या बाबतीत जास्त कडक होता. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे सहकाऱ्यांसोबत असेच नियम ठरवले: पैसा, स्त्रियांशी वागणूक, सभेतल्या गर्दीचे फुगवलेले आकडे, स्थानिक मंडळ्यांवर टीका, या चारही बाबतींत. पुढे सभांतलं प्रेमार्पण (वक्त्यासाठी लोकांनी दिलेली देणगी) सोडून त्यांनी ठरावीक पगार घेतला. आपल्याकडे चर्चचे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, ऑडिट करावं लागतं. तो हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवला तर पाळकाचंच रक्षण होतं.

पण हेही लिहून ठेवतो: पाळकाचं मानधन तीन-तीन महिने थकवायचं आणि त्याने जादा प्रार्थनासभांचं अर्पण घेतलं की त्याला लोभी म्हणायचं, हा अन्याय आहे. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हेही तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे.

आपल्या मंडळीत लवकरच वडिलांची निवड आहे, असं आपण लिहिलंत. पास्टरेट कमिटीच्या (मंडळीच्या कारभारी समितीच्या) सभेत नावं सुचवायच्या आधी तीमथ्याच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय आणि तीताच्या पत्रातला पहिला, दोन्ही मोठ्याने वाचावेत, असं सुचवून पाहा. दोन्ही मिळून पाच-सात मिनिटं लागतात. मग प्रत्येक नावाबद्दल विचारा की याच्या गल्लीतल्या लोकांशी आपल्यापैकी कुणी बोललं आहे का. सभेत काय झालं ते कळवा. आपण असहमत राहिलात तरी मला वाचायला आवडेल.