प्रभागाचा अभिमान कसा बाळगावा

नगरसेवक झालात, अभिनंदन! अंगावरचा गुलाल निघाला असेल, तर आता प्रभागाचा अभिमान बाळगायला लागा. कामं होतील तेव्हा होतील, अभिमान पहिल्या दिवसापासून लागतो. भाषणासाठी एकच वाक्य पाठ करा : "आपला प्रभाग म्हणजे एक कुटुंब आहे." कुटुंबात कुणी टेंडर मागत नाही, ही सोय त्यात आपोआप येते.

विकासाची सुरुवात बाकापासून करावी. ज्येष्ठांना टेकायला जागा हवी, असं म्हटल्यावर विरोध करायची कुणाची छाती होत नाही. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांच्या कामांची ती प्रसिद्ध 'स' यादी असते. बाक, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या हे तिचे जुने मानकरी. बाकाची उंची ठेकेदार बघेल, तुम्ही पाठीकडे लक्ष द्या. नाव तिथेच येतं. नावापुढे 'यांच्या संकल्पनेतून' असंच घाला. पैसे करदात्यांचे, घाम मजुरांचा आणि बसण्याची कल्पना तर माणसाइतकीच जुनी. एवढं वजा केल्यावर तुमच्या वाट्याला संकल्पनाच उरते.

2017 च्या निवडणुकीत पुण्यात 41 प्रभागांतून 162 नगरसेवक निवडून आले, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. साहजिकच एका फुटपाथला चार संकल्पना. शेजारच्याच्या बाकाकडे पाठ करून आपला बाक टाकावा. चालणाऱ्यांना जागा उरली नाही तर ते रस्त्यावरून जातील, तेवढाच व्यायाम. (त्यासाठी ओपन जिमही आहेच. पावसात गंजलेली असते, पण दिसायला उघडीच असते.)

रस्त्याचं मार्चअखेर बघू. धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडायला लागले की निधी संपवायची वेळ आली, हे शाळकरी पोरालाही कळतं. सिमेंटचा रस्ता वाळतो न वाळतो तोच ड्रेनेजवाल्यांना पाइप आठवतो. खचून जाऊ नये. दुसऱ्यांदा भूमिपूजन करावं. जमीन तीच असली तरी नारळ नवा असतो.

लोकसहभागाचं मात्र मनावर घ्या, त्याला मागणी फार आहे. चार निवृत्त मंडळी दर रविवारी पहाटे टेकडीवर जाऊन प्लास्टिक वेचतात ना? त्यांना टोप्या वाटा. टोपीवर तुमचं नाव असलं की मोहीम तुमची. एखाद्या रविवारी स्वतः जा, कोरा झाडू हातात धरा, फोटो झाला की झाडू परत करा. त्यांनी गोळा केलेली पोती आठवडाभर पायथ्याशी पडून राहिली, तर पुढच्या रविवारी तीच पोती पुन्हा फोटोला येतील.

फ्लेक्स अजिबात लावू नका. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा 1995 पासून आहे आणि बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानेही 2017 मध्ये कडक निकाल दिलेला आहे. "माझ्या वाढदिवसाला फ्लेक्स नकोत," असं चार लोकांत मोठ्याने सांगा. पोरं प्रेमापोटी लावतातच. फोटो तुमचा, खाली 'शुभेच्छुक' म्हणून ती. गुन्हा दाखल झालाच तर शुभेच्छुकांवर. 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपून पालिका प्रशासकाच्या हाती गेली, तेव्हा नगरसेवक 'माजी' झाले, पण फ्लेक्सवर 'कार्यसम्राट' राहिले. सम्राटांना मुदत नसते.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये : क्षेत्रसभा. 2009 मध्ये कुणा उत्साही माणसाने ती कायद्यात घालून ठेवली आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, कोणती कामं हवीत ते विचारायचं. सभा घेतल्या नाहीत तर पद जाण्याचीही तरतूद आहे. घाबरू नका, अशी सभा असते हेच मतदारांना ठाऊक नाही. आणि हा कार्यक्रम उलट्या दिशेचा आहे : लोक बोलणार, तुम्ही ऐकणार! कुटुंबात असं चालतं का?

त्याऐवजी खेळ पैठणीचा ठेवा. गर्दी तीच, खुर्च्या त्याच, मंडपही तोच. पैठणी डोळ्यांसमोर असताना नळाला पाणी किती वाजता येतं हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर वहिनींना पाण्यावर उखाणा घ्यायला सांगावं.

तरीही प्रत्येक प्रभागात एक काका असतात. त्यांच्या पिशवीत कायद्याची झेरॉक्स असते, माहिती अधिकाराचे अर्ज असतात, फुटलेल्या चेंबरचे तारखेनिशी फोटो असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना 'आदर्श नागरिक' पुरस्कार जाहीर करा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, सन्मानचिन्हावर तुमचा फोटो. खांद्यावर शाल पडली की माणूस दोन मिनिटं तरी गप्प बसतो. शाल सावरत त्यांनी माइक हातात घेतलाच आणि चेंबरचं काढलंच, तर निवेदकाला खूण करून ठेवलेली असावी. त्याने ताबडतोब राष्ट्रगीत लावावं. काकासुद्धा ताठ उभे राहतील.