मीटरमध्ये कॅमेरा नाही, पण त्यावरच्या पत्र्यात करंट येऊ शकतो

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्याईनं ओसरीवरचं नवं स्मार्ट मीटर, म्हणजे वापराचे आकडे आपोआप वीज कंपनीला पाठवणारं मीटर, तेलाच्या पिपाचा पत्रा कापून झाकलं आहे. वरून बांधणीच्या तारेनं आवळलंय आणि त्या तारेचं टोक सर्व्हिस वायरला घासतंय. ही अक्कल तिला एका व्हॉट्सॲप मेसेजनं दिली. भावकीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, सोयाबीनच्या भावाचा ग्रुप, सगळीकडे तोच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्मार्ट मीटरमध्ये कॅमेरा आणि माईक आहे, घरातलं सगळं कंपनीला दिसतं, मीटर दुप्पट पळतं, रिचार्ज संपला की रात्री लाइन कापतात, लहरींनी कॅन्सर होतो, म्हणून मीटर पत्र्यानं नाहीतर फॉइलनं झाका, आणि विरोध नोंदवायला बिलाचा व आधार कार्डाचा फोटो खालच्या नंबरवर पाठवा.

आधी पत्र्याचं बोलते, कारण त्यात जीव जाईल.

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर मीटरच्या आधी असते. जास्त करंट आला की पडणारी घरातली एमसीबी तिचं रक्षण करत नाही. कोणी खर्च करून करंट गळला की लाइन तोडणारी आरसीसीबी बसवली असली तरी तीही मीटरनंतरच असते, त्यामुळे मीटरच्या आधी काय घडतंय ते तिला कळतच नाही. आपल्याकडच्या उन्हानं त्या वायरचं प्लास्टिक तडकलेलं असतं. तडकलेल्या जागी पत्रा टेकला की अख्ख्या पत्र्यात करंट. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला पडते, कारण त्याहून जास्त करंट अंगातून जाणं जिवावर बेततं. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज वितळायला मात्र कित्येक अँपिअर, म्हणजे हजारो मिलिअँपिअर लागतात. म्हणजे माणूस चिकटला तरी लाइन सुरूच राहणार. आणि ओसरीवर काय असतं? पावसाळ्यात ओले कपडे वाळत घातलेली तार, ओली जमीन, अनवाणी लेकरं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानंही एवढा विचार केला नाही, याचा मला संताप येतो.

बरं, एवढं करून साधतं काय? पत्र्यानं सिग्नल अडू शकतो, हे खरं. पण मीटर मोजायचं थांबत नाही. आकडे आत साठत राहतात आणि सिग्नल मिळाला की जातात. एका ग्रुपवर तर कोणीतरी लोहचुंबक चिकटवायचा सल्ला जोडला आहे. चुंबक लावल्याची नोंद वेळेसकट मीटरमध्ये होते, आणि मीटरशी छेडछाड ही वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा सल्ला देणारा कोर्टात तुमच्या बाजूला उभा राहणार नाही.

आता कॅमेऱ्याचं. मेसेजसोबतच्या फोटोत मीटरवरच्या दोन जागांना गोल केला आहे. लुकलुकणारा लाल दिवा वापर मोजण्याचा आहे. दर युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. घरातला मेन स्विच बंद करून बघा, लुकलुक थांबते. कूलर लावा, ती भरभर सुरू होते. दुसरी गोल जागा रीडिंगचं यंत्र टेकवण्यासाठी आहे. तिथून अदृश्य प्रकाशानं आकडे वाचले जातात. जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरलाही ती असायची. ना कॅमेरा, ना माईक. मीटर पाठवतं ते आकडे: युनिट, व्होल्टेज, करंट, झाकण उघडल्याची नोंद.

मोठ्याई मला विचारते, "काहून बाप्पा, मंग म्या लुगडं बदलाव तरी कुठं?" सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या ओसरीवर बसायला भिते आहे. तिची भीती खोटी नाही, तिला सांगितलेलं कारण खोटं आहे.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. घरातलं कळायला कॅमेरा लागतच नाही. वैशाखातल्या दुपारी विदर्भात ज्या घराचा कूलर बंद, ते घर बहुतेक रिकामं. मोटर किती वाजता लागली, दिवे किती वाजता मालवले, लग्नाला म्हणून घर किती दिवस बंद होतं, हे सगळं तासातासाच्या आकड्यांत दिसतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल गावच्या लोकांनी यावरूनच खटला भरला. तिथली वीज कंपनी गावच्या पालिकेचीच, आणि मीटर दर 15 मिनिटांनी वापर नोंदवत होतं. 2018 मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की असे आकडे गोळा करणं ही घराची झडतीच आहे. त्या गावापुरती ती झडती न्यायालयानं वाजवी ठरवली, कारण हेतू गुन्हे शोधण्याचा नव्हता. पण नोंदी याहून बारीक झाल्या किंवा पोलिसांच्या हाती सहज पडू लागल्या तर आपलं मत बदलू शकतं, असंही बजावलं. कॅमेऱ्याच्या अफवेपेक्षा हा निकाल गावोगाव वाचला गेला पाहिजे.

कारण आपल्याकडेही मीटर वेळेनुसारच नोंद ठेवतं. महावितरणनं 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सवलत जाहीर केली, ती अशा नोंदीशिवाय देताच येणार नाही. सवलत घ्यावी, जरूर घ्यावी. पण आमच्या घराच्या नोंदी कोण बघतं, किती महिने ठेवतं, ठेकेदाराच्या माणसाला त्या दिसतात का, पोलिसांनी मागितल्या तर कशाच्या आधारावर देतात, हे लेखी विचारायचा आपल्याला हक्क आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. ग्रामसभेत हा विषय काढला तर उत्तर द्यावं लागेल. "कॅमेरा काढा" म्हणून ओरडलो तर साहेब हसून फाइल मिटतील, आणि खरा प्रश्न तिथेच राहील.

दुप्पट पळण्याबद्दल: जुन्या चकतीच्या मीटरची चकती धुळीनं, झिजेनं जड व्हायची आणि मीटर कमी दाखवायचं. ते बदलल्यावर बिल वाढू शकतं. तरीही शंका असेल तर फेब्रुवारी 2024 च्या केंद्राच्या नियमानुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत दुसरं मीटर जोडीला लावून किमान तीन महिने ताडून बघणं वीज कंपनीला बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

रिचार्जचं: सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं. आता बसतात ती महिन्याला बिल येणारी. दुरून लाइन बंद करता येते, हे खरं. पण थकबाकीसाठी तोडायची तर वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे आधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते.

लहरींचं: मीटरमधलं सिम फोनमधल्या सिमसारखंच काम करतं, आणि मीटर ओसरीच्या भिंतीवर असतं. फोन तर आपण उशाशी घेऊन झोपतो.

राहिला आधारचा फोटो. खाजगीपणा वाचवा म्हणणारा मेसेज अनोळखी नंबरवर आधार मागतो, तर तो नंबर फसवणाऱ्याचाच समजा. आज रात्री लाइन कापणार, या नंबरवर फोन करा, असे खोटे मेसेज पाठवून लोकांची खाती रिकामी करणारे आधीपासून आहेत. त्यांना ग्राहक क्रमांक, नाव आणि आधार आयतं मिळालं तर त्यांचा फोन किती खरा वाटेल! ज्यांनी फोटो पाठवला असेल त्यांनी आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा, कोणी सांगितलेलं ॲप फोनमध्ये घेऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. मीटरला पत्रा बांधला असेल तर स्वतः हात लावू नका. वायरमनला बोलवा, डीपीवरून लाइन बंद करून तोच काढेल.