बाळाची कावीळ कोवळ्या उन्हावर सोडू नका

"बाळंतिणीने हळद सोडावी, बाळाला कोवळे ऊन दाखवावे, ग्लुकोजचे पाणी पाजावे; कावीळ उतरते, निळ्या दिव्याची गरज नाही," असा संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बाळंतिणींच्या फोनवर फिरतो आहे. त्यात खरे आहे ते एवढेच, की पूर्ण दिवसांच्या सुमारे 60 टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते आणि बहुतेकांची आपोआप उतरते.

हळदीचा येथे काहीही संबंध नाही. बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि कोवळ्या यकृताला ते लगेच बाहेर टाकता येत नाही, म्हणून कातडी पिवळी दिसते. बाळंतिणीचे जेवण त्यासाठी आळणी करू नये.

उन्हाची समजूत निराधार नाही. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेला उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी झालेला दिसला आणि त्यातूनच पुढे रुग्णालयातील निळ्या दिव्याचा उपचार आला. परंतु दिव्यातून नेमका निळा प्रकाश मोजून मिळतो, बाळाचे बहुतेक अंग उघडे ठेवता येते आणि रक्त तपासून उपचार कधी थांबवायचा हे ठरते. ओसरीवरच्या उन्हात यातले काहीच होत नाही, उलट उघडे बाळ गारठते किंवा भाजते. आषाढात तर आपल्याकडे कित्येक दिवस ऊनच पडत नाही, आणि बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला व श्रवणशक्तीला कायमची इजा होते.

ग्लुकोजच्या पाण्याने पोट भरते आणि दूध मागे पडते. बिलिरुबिन मुख्यतः शीतून जाते, म्हणून चीक टाकून न देता दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पाजावे.

संदेशात नसलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी समजू नये. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास तर मुळीच नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ झोपाळू झाले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, कारण नुसत्या नजरेला पातळी कळत नाही. पावसाळी दमटपणामुळे आपण जुनी आंगडी-टोपडी डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवतो. जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या संपर्काने भराभर फुटू शकतात. ते कपडे बाळाला घालूच नयेत.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. तिची शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत झाल्यास अधिक यशस्वी ठरते, म्हणून लंगोट धुण्यापूर्वी शीचा रंग रोज पाहावा.